अवकाळीत भिजलेला कांदा
एप्रिलात वळवाचं पाणी वाफ्यात साचलं, तर आधी कांद्याला हात लावू नका. उताराकडचा बांध कुदळीने फोडून पाणी चरात काढा, रान वाफशावर आल्यावरच (चिखल जाऊन नुसती ओल राहिली की) काढणी. काढलेला माल भिजला असेल तर पाऊस उघडताच ताडपत्री काढा. आत वाफ धरते आणि कांद्याच्या माना (पात जिथून निघते तो भाग) सडायला लागतात. (आमच्याकडे एकदा वास सुटल्यावरच कळलं.) पातीसकट ओळीने पसरा, पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यांवर येईल असा. मान चिमटीत पिळून बघा, बोटांना ओल लागली तर अजून सुकायचाय. मान कोरडी झाली की मग इंचभर देठ ठेवून पात कापा. भिजलेला कांदा कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) कोरड्या कांद्यावर टाकू नका, तोच आधी विका.