वर्गातल्या गेलेल्यांचं टिपण कसं लिहावं

आम्ही १९७२चे सिव्हिल इंजिनिअर. निकाल लागला आणि निम्मा वर्ग थेट दुष्काळी कामांवर रुजू झाला. मी नाशिकला, धरणांची संकल्पचित्रं काढणाऱ्या कचेरीत. निवृत्तीनंतर वर्गातल्या गेलेल्यांची टिपणं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे असा मुलांचा समज. (मुलं म्हणजे आता पंचाहत्तरीचे.) आजवर तेवीस टिपणं झाली. इतर कुणाला आपल्या वर्गासाठी हे करायचं असेल तर माझ्या चुका आधीच ऐकून ठेवा.

पहिलं टिपण डम्पीचं. सर्व्हे कॅम्पमध्ये डम्पी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण) उशाशी घेऊन झोपलेला सापडला, तेव्हापासून तो डम्पी. मी लिहिलं, ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, कुटुंबवत्सल.’ वहिनींना वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “छान आहे. पण ताई, हे कुणाबद्दल?”

ते फाडलं. तेव्हापासून मी एमबीची शिस्त पाळते. ज्यांनी साइट केली नाही त्यांच्यासाठी सांगते: एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, कामाच्या मापांची वही; तिच्यात जागेवर मोजलेलंच लिहायचं, शाईने. चुकलं तर खोडरबर नाही; एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. ‘काम चांगले झाले’ असं एमबीत कुणी लिहित नाही. किती ब्रास (शंभर घनफुटांचा एक) झालं, ते लिहितात.

सुरुवात यादीपासून करा. कॉलेजच्या वार्षिक अंकातला वर्गाचा फोटो आणि त्याखालची नावं हा सगळ्यात भरवशाचा आधार. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहा. आमच्या वर्गात तीन कुलकर्णी होते, त्यातल्या दोघांची आद्याक्षरं एकच. ग्रुपवर ‘आपला कुलकर्णी गेला’ एवढाच निरोप आला की अर्धा तास भलत्याच घरी फोन जातात. घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय मी यादीत खूण करत नाही.

जन्मतारखेचं वेगळंच त्रांगडं. आमच्या पिढीत खेड्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख ती. सरकारी नोकरीत अठ्ठावन्नला निवृत्ती, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे २००८ या एका दिवशी आमच्यातले कितीतरी जण घरी बसले. टिपणात मी दोन्ही लिहिते: कागदावर १ जून, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

घरी फोन तेराव्याच्या आधी करू नका. माझ्या मते महिना जाऊ द्यावा; येणारे-जाणारे थांबतात, तेव्हा बोलायला कुणी हवं असतं. ‘ते कसे होते?’ विचारलंत तर ‘देवमाणूस’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा: पहिलं बिऱ्हाड कुठल्या गावी? सकाळी किती वाजता निघायचे? डब्यात काय? घरी आल्यावर कामातली कुठली गोष्ट परत परत सांगायचे?

बदल्यांचा क्रम कुणालाच आठवत नाही. त्यावर उपाय मला फार उशिरा सुचला: मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. कुठल्या गावची शाळा कुठल्या तारखेला सोडली, सगळं त्यात असतं. डम्पीच्या थोरल्या मुलीने दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. तिच्या दाखल्यांच्या गठ्ठ्यावरून मी त्याची तेवढ्या वर्षांची नोकरी लावली. सेवापुस्तक शोधायची गरजच पडली नाही.

आता कौतुकाबद्दल. डम्पीच्या घरचे म्हणाले, “यांनी जायकवाडी बांधलं.” जायकवाडीचा मातीचा बांध जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे, दरवाजे सत्तावीस. ते एकट्या कुणी बांधलेलं नाही. मुलगा म्हणाला, पायाभरणीला बाबा शास्त्रीजींच्या मागेच उभे होते. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ची. तेव्हा आम्ही अकरावीत होतो. मुलगा खोटं बोलत नव्हता. इंदिराजी २४ फेब्रुवारी १९७६ला पैठणला उद्घाटनाला आल्या, तेव्हा डम्पी तिथे नोकरीत होता. घरात सांगता सांगता दोन समारंभांचा एक झाला. धरणानंतर तो डाव्या कालव्यावर, परभणीकडच्या वितरिकांवर गेला आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी का पोचत नाही यावर शेतकऱ्यांच्या शिव्या खात राहिला. मी तेच लिहिलं. एका निवृत्त कालवा निरीक्षकाने वाचून फोन केला, “साहेब रात्री सायकलवर गेट बघायला यायचे, तेही टाका.” टाकलं.

वहिनींनी शेवटी ट्रंक उघडली. त्यात एक लेव्हल बुक निघालं, १९७३चं, आष्टी तालुक्यातल्या पाझर तलावाचं. (खरं तर हे कचेरीत जमा असायला हवं होतं. पन्नास वर्षांनी कोण मागतंय.) पुढच्या पानांवर बॅकसाइट, फोरसाइट, म्हणजे लेव्हलमधून घेतलेली मापं, सगळं व्यवस्थित. मागच्या पानांवर पेन्सिलीने घरचा हिशेब: मनीऑर्डर ६०, मेस, सायकलचं पंक्चर. आणि त्याखाली, दर आठवड्याला एक ओळ: ‘लेकरं ११. पाण्याचा डेरा १, फुटका.’ पुढच्या आठवड्यात ‘लेकरं १४. डेरा १.’ त्याच्या पुढच्या ‘लेकरं १४. डेरे २.’ बायका खडी फोडायला बसल्या की त्यांची पोरं बाभळीखाली असत, ती हा मोजत होता. टिपणाची सुरुवात मी या तीन ओळींनी केली. ‘कुटुंबवत्सल’ची गरज उरली नाही.

मुलींबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. वर्गात आम्ही तिघी होतो. त्यातली एक गेली, तेव्हा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ती अमक्यांची पत्नी, तमक्यांची आई, पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असं सगळं होतं. तिने तीस वर्षं पुलांचे आराखडे तपासले हे कुठेच नव्हतं. कॉलेजच्या रजिस्टरात माहेरचं नाव, कचेरीत सासरचं, म्हणून वर्गातल्या चौघांना ती गेली हेच कळलं नाही. दोन्ही नावं लिहा, माहेरचं आधी. वर्गाने तिला त्याच नावाने हाक मारली होती.

इंजिनिअरिंग सोडून हार्डवेअरचं दुकान टाकलेला, दुसऱ्या वर्षीच गावी परत गेलेला, गल्फला जाऊन पत्ता हरवलेला, यांनाही पान द्या. चारच ओळी मिळाल्या तर चारच लिहा.

चौकशी, निलंबन, दारू यांचं काय? माझा नियम: घरचे स्वतःहून म्हणाले तरच. एकाची चौकशी आठ वर्षं चालली आणि तो निर्दोष सुटला. मी ते वगळलं होतं, पण मुलाने आग्रहाने घालायला लावलं. त्याचं बरोबर होतं.

फोटो पासपोर्टचा नको. साइटवरचा शोधा, डोक्यावर टोपी आणि मागे अर्धवट भिंत असलेला. मागे पेन्सिलीने जागा आणि साल लिहून ठेवा. टिपण दोन पानांच्या आत बसवा. आणि छापायला देण्याआधी घरी वाचून दाखवा, पाठवू नका. पाठवलेलं टिपण ‘छान’ म्हणून परत येतं.

डम्पीचं दुसरं टिपण मी फोनवर वाचलं. मधे एक वाक्य होतं: ‘डब्यात मिलोची भाकरी असे.’ (मिलो म्हणजे दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल जोंधळा.) वहिनींनी अडवलं. “नाही हो. मिलो मजुरांना मिळायचा. यांनी चार दिवस हट्टाने खाल्ला, पोट बिघडलं, मग मुकाट ज्वारीवर आले. ज्वारीच लिहा.”

मी ‘मिलो’वर आडवी रेघ मारली, वर ‘ज्वारी’ लिहिलं आणि बाजूला सही केली.