शाकाहारी लेकराला बालवाडीत घालताना

आमची थोरली पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीतून उड्या मारत आली. "आई, आज पांढरा लाडू मिळाला, आत पिवळा होता!" सासूबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला, पण बोलल्या काही नाहीत. अंगणवाडीच्या बाईंची चूक नव्हती. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं होतं, "तत्ती ब्येकेनु?", म्हणजे अंडं हवं का? आमचं बेळगावच्या वडगावातलं घर सगळं मराठी, पोरीला काही उमगलं नाही, तिनं मान डोलावली. धाकट्याच्या वेळी मी मे महिन्यातच तयारीला लागले.

आधी घरात ठरवा

शाकाहारी म्हणजे नेमकं काय, हे घराघरात वेगळं असतं. अंडं चालतं का? केकमधलं? गावच्या जत्रेला मामाकडं गेल्यावर रस्सा नको, पण त्याच पातेल्याशेजारचा भात? आई एक सांगते, आजी दुसरं, आणि लेकरू मधल्यामध्ये गोंधळतं. एका संध्याकाळी बसून ठरवा आणि तेच बाईंना सांगा. जैन घर असेल तर कंदमुळांचंही आवर्जून सांगा, नाहीतर 'व्हेज' म्हणजे बटाटा आलाच.

बाईंना भेटून आठवड्याचा आहार विचारून घ्या. अंगणवाडीत अंडं कोणत्या दिवशी असतं, न खाणाऱ्याला त्याऐवजी काय देतात, तेही विचारा. सरकारी शाळेत पहिलीपासून पुढं अंड्याऐवजी केळं मिळतं. दुधाची क्षीरभाग्य योजना २०१३ पासून आहे, ते दूध आपल्या मुलांनी जरूर घ्यावं.

तीन शब्द कन्नडचे

माझ्या मते हा भाग डब्यापेक्षा मोठा आहे. अंड्याला पुस्तकी कन्नडमध्ये 'मोट्टे' म्हणतात, पण आपल्या भागातली आया 'तत्ती'च म्हणणार. दोन्ही शब्द मुलाच्या कानावरून जाऊ द्या. मग एक वाक्य: "ननगं तत्ती ब्याड", म्हणजे मला अंडं नको. आणि पोट भरलं की "साकु". आम्ही भातुकलीत हे खेळायचो. मी आया व्हायचे, पळीनं वाढायला जायचे, आणि धाकट्यानं ताटलीवर हात आडवा धरून "ब्याड" म्हणायचं. चार दिवसांत तो दोडक्यालाही "ब्याड" म्हणायला लागला, ते सोसावं लागतं.

वाक्य आपल्या ताटापुरतंच शिकवा. "शी, घाण आहे" हे शब्द घरातसुद्धा नकोत. शेजारी बसणाऱ्या पोराच्या घरी रविवारी मटण शिजतं आणि ते त्याला आवडतं. "आम्ही नाही खात" एवढं पुरे. आणि चुकून खाल्लंच तर रागावू नका, रागावलात की पुढच्या वेळी सांगणार नाही.

पोटात काय जातंय

प्रथिनांची काळजी लोक फार करतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यानुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम लागतात. एक पेला दूध, वाटीभर घट्ट वरण आणि दोन लहान चपात्या, एवढ्यात ते भागतं. खरी अडचण लोहाची. ते हवं ११ मिलीग्रॅम, आणि धान्याकडधान्यातलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून मडकीची उसळ, हुलग्याचं माडगं, अळीवाचा लाडू आलटूनपालटून द्या, आणि उसळीवर लिंबू पिळाच. आंबटामुळे लोह चांगलं शोषलं जातं. उलट चहानं ते अडतं. बशीत ओतून घोटभर चहा पाजायची आपल्याकडची लाडाची सवय इथं नडते. दुधाचंही तसंच: दिवसाला अर्धा लिटरच्या पुढं गेलं की पोट त्यानंच भरतं आणि जेवण राहतं. बी-१२ मात्र डाळीत, भाजीत नाही. दूध-दही खाणाऱ्यांना त्यातून मिळतं. मूल दूध घेतच नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून पूरक औषध सुरू करा.

डबा

तीन वर्षांच्या मुलाला वेळ थोडा आणि हात लहान. भाकरी दोन तासांत वाळते, ती घरीच बरी. डब्यात चपातीला तूप आणि शेंगाचटणी लावून केलेली सुरळी, नाचणीचा डोसा, नाहीतर आप्पे. आप्प्यांचं पीठ दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ भिजवून वाटायचं, रात्रभर आंबवायचं, सकाळी त्यात अर्धी वाटी नाचणीचं पीठ आणि किसलेलं गाजर. चार आप्पे बसतात, मुलं हातात धरून खातात, सांडत नाहीत. शेंगदाणे मात्र कूट करूनच. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो.

आमच्या धाकट्याचा डबा तीन दिवस भरलेलाच परत आला. आप्पे आवडत नाहीत असं समजून मी पोहे दिले, तेही परत. शेवटी त्याच्यासमोर डबा ठेवून "उघड" म्हटलं. त्यानं दोन्ही अंगठे लावून जोर केला, ओठ मुडपले, आणि झाकण हललंसुद्धा नाही. साधा, सैल झाकणाचा डबा आणला, चौथ्या दिवशी रिकामा आला.

वाढदिवस

महिन्याला एखादा केक येतोच. बाईंकडं आधीच खाऊचा छोटा डबा ठेवा, राजगिऱ्याच्या वड्या किंवा बिस्किटं. बाकीच्या पोरांना केक वाढताना आपल्यालाही हातात काहीतरी असलं की मूल रडत नाही. पाकीट घेताना खूण बघा: हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण मांसाहारी. जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून काढतात, म्हणून तिथं खूण न बघता घेऊ नका.

आणि त्या डब्यावर मुलाचं नाव कन्नडमध्येही लिहा. मी शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलं होतं. आयाला मराठी वाचता येत नव्हतं.