वॉशिंग मशीनमधलं पाणी निघत नाही? बाहेरून आत तपासत जा

धुणं होतं, पण कपडे पिळले जात नाहीत. टबात पाणी तसंच, आणि फ्रंट लोड असेल तर दारही उघडत नाही. अशा वेळी मोटर गेली असं वाटतं. पण टबातलं पाणी निघून गेल्याशिवाय मशीन जोरात फिरतच नाही, आणि पाणी असेपर्यंत दाराचं लॉकही सुटत नाही. त्यामुळे ‘मशीन पिळत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तुंबलेल्या पाण्यात असतं. पडद्यावर कोड आला असेल तर तो पाहून घ्या. एलजीच्या मशीनवर ओई, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई आणि बॉशवर ई१८ दिसला, तर पाणी बाहेर जात नाही असं मशीनच सांगतंय.

काहीही करण्याआधी बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, कारण पुढे जमिनीवर पाणी सांडणार आहे. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी निवू द्या.

सुरुवात न्हाणीपासून

मशीन उघडायची घाई करू नका. ड्राय बाल्कनीतली किंवा बाथरूममधली जाळी उचला आणि तिथे एक बादली पाणी ओता. पाणी चढून आलं तर दोष मशीनचा नाहीच. केस, कपड्यांची लव आणि साबणाचा चिकट गाळ खाली बसलेला असतो, तो काढा. जाळी मोकळी असेल तर ड्रेन पाइप हाताने चाचपत मशीनपर्यंत जा. मशीन भिंतीला सरकवताना मागे पाइप दुमडतो, हे फार वेळा घडतं. जोड देऊन लांबवलेला पाइप असेल तर जोडापाशी लव अडकते. तो काढून नळाखाली धरा आणि आरपार धुऊन घ्या.

पाइप किती उंचीवर असावा, हे मशीनवर ठरतं. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, म्हणून त्याचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवतात. तो जमिनीवर पडला तर उलटाच त्रास होतो: पाणी भरता भरताच वाहून जातं. आपल्याकडच्या पुष्कळशा टॉप लोड आणि बहुतेक सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये मात्र पंप नसतो, एक झडप उघडते आणि पाणी उताराने जातं. तिथे पाइप जमिनीलगतच हवा. उंबऱ्यावरून नेला किंवा बादलीत टाकला की पाणी थांबलंच. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हेच अडलेलं पाणी ड्रायरच्या बाजूला चढतं आणि ड्रायर जड फिरू लागतो.

फ्रंट लोडचा फिल्टर

पाइप ठीक असेल तर आता फिल्टर. मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं. आत गोल फिल्टर दिसतो, काही मशीनमध्ये शेजारी बूच लावलेली बारीक रबरी नळीही असते. नळी असेल तर तिच्यातून पाणी काढा. नसेल तर खाली पसरट ताट किंवा परात ठेवा, भोवती जुने टॉवेल लावा आणि फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडा सैल करा. परात भरली की पुन्हा घट्ट, रिकामी करून पुन्हा सैल. टबात दहा-पंधरा लिटर पाणी सहज असतं, एकदम उघडलंत तर सगळं घरात येईल. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका.

फिल्टर पूर्ण बाहेर आला की त्यात नाणी, साडीच्या पिना, ब्लाऊजचे हुक, बटणं, खिशात राहिलेल्या कागदाचा लगदा असं काहीही सापडतं. तो नळाखाली जुन्या ब्रशने घासा. मग बॅटरीच्या उजेडात फिल्टरच्या खाचेत पाहा, आतल्या टोकाला पंपाचा छोटा पंखा असतो. त्याला केस किंवा दोरा गुंडाळला असेल तर चिमट्याने काढा आणि चमच्याच्या दांड्याने पंखा हळूच फिरवा. तो अडखळत, झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे हे होतं, त्यात दोष नाही. मात्र पंखा अजिबात हलत नसेल किंवा बाजूंना डगमगत असेल, तर पंप बदलावा लागण्याची शक्यता मोठी.

फिल्टर बसवताना आटे पुसा आणि नीट घट्ट करा. मग मशीनमध्ये कपडे न टाकता रिन्स आणि स्पिन लावा आणि झाकणाखाली कोरा कागद ठेवा. थेंबभर गळतीही त्यावर लगेच कळते.

पंप नसलेल्या मशीनमध्ये

सेमी ऑटोमॅटिकमध्ये ड्रेनचं बटण फिरवलं की आतली पट्टी किंवा तार झडप वर ओढते. प्लग काढलेला असताना मागचं कव्हर उघडून ती पट्टी हाताने ओढून पाहा. पाणी गेलं तर झडप ठीक आहे, पट्टी तुटलेली किंवा ढिली झालेली असेल. ओढूनही पाणी गेलं नाही तर झडपेच्या खोबणीत लव साचलेली असते. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये झडप ओढायला छोटी ड्रेन मोटर असते. पाणी सोडायच्या वेळी तिचा आवाजच येत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. वॉरंटी चालू असेल तर कुठलाच स्क्रू स्वतः उघडू नका.

फेसही पाणी अडवतो. फ्रंट लोडमध्ये हाताने धुण्याची पावडर घातली की पंपात फेस भरतो आणि तो पाणी ओढू शकत नाही. कमी फेसाची, त्याच मशीनसाठीची पावडर किंवा लिक्विड वापरा आणि मापात घाला.

हे सगळं करूनही पाणी सोडायच्या वेळी पंप नुसता घुमतो, अजिबात आवाज करत नाही किंवा जळका वास येतो, तर तिथेच थांबा. मेकॅनिकला फोनवर सांगा की जाळी, पाइप आणि फिल्टर साफ केला आहे आणि आवाज कसा येतो. त्यामुळे तो बरोबर सुटा भाग घेऊन येतो. आल्यावर त्याने थेट सर्किट बोर्ड बदलायचं म्हटलं, तर आधी पंपापर्यंत वीज पोचते का ते मीटर लावून दाखवायला सांगा. वीज पोचत असेल आणि पंप फिरत नसेल, तर बोर्ड बदलायचं कारण नाही, पंपच बदलायचा.