कोकणातले रंग फोटोत कसे पकडावेत

कोकणात रंग कमी पडत नाहीत, त्यांची गर्दीच फार होते. म्हणून आधी ठरवा: या फोटोत राज्य कुठल्या रंगाचं, आणि त्याला साथ कोणाची?

सुरुवात जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, आणि हिरवळीपासून करा. तांबडा आणि हिरवा हे विरोधी रंग, शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. पण दोघांना निम्मी निम्मी जागा दिली तर ते भांडतात. भातखाचरांच्या हिरव्यात जांभ्याच्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, एक रेघ पुरते. पावसाची सर ओसरल्याबरोबर बाहेर पडा. ओला जांभा गडद होतो आणि ढगाळ उजेडात सावल्या कडक पडत नाहीत. ओल्या पानांवरची चकाकी मात्र हिरवा रंग खाते. पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची चकाकी कापणारी काच, हळूहळू फिरवून ती कमी करा. पांढरं आभाळ शक्यतो वगळा.

शांत, एकमेळाचे रंग हवे असतील तर सकाळी किनाऱ्यावर जा. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाठीशी असतो आणि पाण्याचा निळा, माडांचा हिरवा स्वच्छ दिसतो. त्यात एखादी केशरी होडी आली तर ती लहानच ठेवा.

आता ऊब, म्हणजे फोटोतली केशरी-पिवळी छटा. सगळ्यात जास्त फोटो इथेच फिके पडतात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा आपोआप सुधारणारी कॅमेऱ्याची सोय, मावळतीचा केशरी उजेड दोष समजून कमी करतो. म्हणून सेटिंग ‘डेलाइट’वर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) ठेवा, आणखी ऊब हवी तर ६५००. आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो. माणसांचे चेहरे केशरी दिसू लागले तर थांबा, ऊब त्वचेवर आधी खोटी वाटते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, किंचित कमी ठेवलंत तर आभाळाचा रंग टिकतो.

सूर्य बुडाल्यावर लगेच परतू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालू असेल तर निळसर आभाळाखाली दिव्यांचा पिवळा उजेड मिळतो. हाही विरोधच, आणि मला सर्वांत आवडणारा. इथे ४००० ते ४५०० केल्विन करून बघा. मासळीवाल्या मावश्यांना विचारूनच फोटो काढा.

घरी एडिट करताना सरसकट सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा-भडकपणा, वाढवू नका. हिरव्या वाडीत निळी ताडपत्री ओरडत असेल तर फक्त निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा.