मधल्या किमतीचा फोन पारखावा कसा: काउंटरवर वीस मिनिटं, घरी सात दिवस

इंदूरच्या जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात शिरलं की आकडे कानावर आदळायला लागतात. ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्झ, ‘८ अधिक ८’ जीबी रॅम, ६००० एमएएच. गेल्या दिवाळीआधी आत्याला घेऊन मी तिथे उभा होतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “भैया, घर में बात करते-करते फोन कटेगा तो नहीं?” दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. ते खोक्यावर छापलेलं नसतं.

१५ ते ३० हजारांतले बहुतेक अँड्रॉइड फोन कागदावर आता जवळपास सारखेच दिसतात. खरा फरक कळतो तो आपल्या घरात, आपल्या सिमवर, आपल्या हातात. म्हणून फोन पारखायचा तो आपल्याच दिवसावर घासून.

पहिली पायरी: स्वतःचा दिवस लिहून काढा

दुकानात जाण्याआधी अर्धं पान पुरे. आत्याचं पान असं होतं: सकाळी व्हॉट्सॲपवर मराठी बातम्या, भाजीवाल्याला यूपीआय, दुपारी पुण्याच्या लेकीशी तासभर बोलणं, रात्री एखादं नाटक. घर रामबागेतलं जुनं, भिंती हातभर जाड, मधल्या खोलीत नेटवर्क जेमतेम. भांडी घासून बोटांचे ठसे पुसट झालेले. या पानात गेमिंग कुठेच नव्हतं, त्यामुळे महागड्या प्रोसेसरचे पैसे तिथल्या तिथे वाचले. तुमच्या पानावरच्या तीन गोष्टींखाली रेघ ओढा. त्यांतल्या एकीतही जो फोन नापास, तो कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

दुसरी पायरी: घरबसल्या गाळणी लावा

‘८ अधिक ८’ मधला दुसरा आठ ही रॅम नव्हेच. स्टोरेजचा एक कोपरा रॅमसारखा वापरलेला असतो आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं. हिशेबात पहिलाच आकडा धरा. स्टोरेजचा प्रकारही बघा. यूएफएस ३.१ असेल तर उत्तम, २.२ चालेल, पण या किमतीत ईएमएमसी दिसलं तर तो फोन यादीतून काढा. फोन दोन वर्षांत रखडायला लागतो तो पुष्कळदा इथूनच.

मागे तीन कॅमेरे असले आणि त्यातला एक २ मेगापिक्सेलचा असला, तर तो शोभेपुरता आहे असं समजा. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हाताचा कंप सावरणारं भिंग, आहे का ते बघा.

अपडेटची वर्षं मात्र नीट मोजा. काही कंपन्या आता या किमतीतही सहा वर्षं सुरक्षा अपडेट देतात, काही तीनवर थांबतात. ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळणारं दीड वर्ष जुनं मॉडेल म्हणजे दीड वर्ष आधीच खर्च झालेला फोन. बँकेचे व्यवहार फोनवरून करणाऱ्याने ही ओळ सोडू नये.

जाड भिंतींच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक: ५जीच्या बँडांच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या, यादीत एन ७८ सोबत एन २८ आहे ना, हे बघा. एन २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. या लहरी भिंतीतून जास्त आत पोचतात. खासगी कंपन्यांपैकी जिओकडेच हा पट्टा आहे, त्यामुळे जिओचं सिम असेल तर ही तपासणी जास्त महत्त्वाची.

तिसरी पायरी: काउंटरवरची वीस मिनिटं

डेमोचा फोन झगमगता असतो, रंग भडक आणि ब्राइटनेस पूर्ण चढवलेली. दुकानदाराला सांगून तो रस्त्याच्या कडेला, उन्हात न्या आणि व्हॉट्सॲपचा एखादा मेसेज वाचून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन सुरेख दिसतात.

मग मराठी टंकून बघा. मी नेहमी ‘दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीचं पारायण’ हे लिहून बघतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य नीट उमटतो का, अक्षरं सर्वांत मोठी केल्यावर वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात का, बोलून टंकताना मराठी कळतं का. आपल्या माणसांचा बराच वापर मराठीतून होतो आणि ही गोष्ट दुकानात कुणीच तपासत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बोटाचा ठसा दहादा लावून बघा. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर प्रकाशात बोटाचं चित्र काढतो. कोरड्या, झिजलेल्या बोटांना तो अडतो. आत्याला कडेच्या बटणातला सेन्सर जरा बरा चालला, पण त्यानेही दहापैकी तीनदा नकार दिला. उपाय सोपा: एकच अंगठा दोन वेळा नोंदवायचा.

पैसे देण्याआधी विचारा, फोन नाही पटला तर किती दिवसांत आणि कशावर बदलून मिळेल? उत्तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ मधला फरक वाचा. पुष्कळदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त फोन बदलून मिळतो, तोही दोष सिद्ध झाला तर.

चौथी पायरी: खोकं उघडताना

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. *#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावर, बिलावर आणि स्क्रीनवर जुळायला हवा. मग ‘केवायएम’ ही तीन अक्षरं इंग्रजीत, थोडी जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन कुठला आणि तो काळ्या यादीत तर नाही ना, हे सरकारी नोंदीतून कळतं. जुना फोन घेणाऱ्यांनी तर पैसे मोजण्याआधीच हे करावं.

पाचवी पायरी: सात दिवस, आपल्या पद्धतीने

पहिले दोन दिवस बॅटरीवर मत बनवू नका. नव्या फोनवर अपडेट, फोटोंची नोंदणी, बॅकअप असं बरंच पडद्यामागे चालू असतं. तिसऱ्या रात्री अकराला टक्के लिहून ठेवा आणि सकाळी सहाला परत बघा. तीन-चार टक्के उतरले तर ठीक. दहाच्या वर गेले तर कुठलं ॲप जागं राहतंय ते सेटिंग्जमध्ये शोधा.

घरातल्या सर्वांत वाईट कोपऱ्यात बसून दहा मिनिटं बोला. आवाज तुटत असेल आणि घरी वायफाय असेल, तर सेटिंग्जमधलं वायफाय कॉलिंग चालू करून पुन्हा बोला. जुन्या वाड्यांत या एका बटणाने फार फरक पडतो.

बोलताना एक गोष्ट मुद्दाम बघा: फोन कानाला लावताच स्क्रीन काळी होते का? काही फोनांत त्यासाठी वेगळा सेन्सर नसतो, सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. आत्याच्या पहिल्या फोनने चौथ्या दिवशी इथेच दगा दिला. बोलता बोलता स्क्रीन उजळायची, गाल टेकायचा आणि कॉल म्यूट व्हायचा, एकदा तर कटच झाला. लेक तिकडून “आई, ऐकू येतंय का?” म्हणत राहायची. दोष नेटवर्कचा नव्हता, फोनचा होता. हे काउंटरवरच पाच मिनिटं बोलून तपासता आलं असतं. तेव्हा मला सुचलं नाही, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगतो.

उन्हाची परीक्षा मे महिन्यात आपोआप होते. इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो आणि कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर सुचवतात. दुपारी राजवाड्याहून विजय नगरपर्यंत नकाशा चालू ठेवून जा. फोन तापला की स्वतःला सांभाळायला स्क्रीन मंद करतो, चार्जिंग हळू करतो. तेवढं चालतं. पण नकाशा अडखळला किंवा स्क्रीन वाचताच येईनाशी झाली तर नोंद करा. जाताना फोन स्कूटरच्या हँडलवर मात्र अडकवू नका, कानात इअरफोनची एकच कळी घालून रस्ता ऐका. ओआयएसचं भिंग अधांतरी धरलेलं असतं, इंजिनाच्या सततच्या थरथरीने ते बिघडू शकतं.

कॅमेऱ्यासाठी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जा. पिवळे दिवे, वाफ, गर्दी आणि तव्यावर सतत हलणारा हात, सगळं एकाच जागी. भुट्ट्याचा कीस परतला जात असताना पाच फोटो काढा, ताबडतोब, पोझ न घेता. ओआयएस तुमच्या हाताचा कंप सावरतो, समोरच्याच्या हाताचा नाही. म्हणून कालथा पुसट आला तर समजून घ्या. पण कीस, ताटली आणि मागची पाटी स्पष्ट हवी. पाचातले तीन फोटो घरी पाठवण्याजोगे निघाले तर कॅमेरा पास.

नाटक-सिनेमा बघणाऱ्यांनी वाइडवाइन एल १ आहे ना ते तपासावं; व्हिडिओच्या ॲपांना स्पष्ट चित्र दाखवू देणारी ही सुरक्षेची पातळी. एल ३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, बऱ्याच ॲपांवर चित्र धूसरच दिसतं. लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती पहिल्याच दिवशी बंद करा. बंद होतच नसतील तर ते वजाबाकीत धरा.

सहाव्या संध्याकाळी सुरुवातीचं ते अर्धं पान काढा आणि रेघ ओढलेल्या तीन गोष्टी पुन्हा वाचा. आमच्या पानावर पहिलीच ओळ होती, ‘लेकीशी बोलणं’. सातव्या दिवशी बिल घेऊन आम्ही जेल रोडला गेलो. बदलून मिळेल असं बिलावर लिहिलेलं होतं, म्हणून वाद झाला नाही. वरचे बाराशे रुपये भरून दुसरं मॉडेल घेतलं. या वेळी आत्याने काउंटरवरूनच लेकीला फोन लावला आणि कानाला लावून ती सात मिनिटं बोलली. दुकानदार थांबला.