उलटे फोर्क बसवताना या चुका टाळा

मोटारसायकलवर हौसेने काम करून घेणाऱ्याची कोल्हापुरात मोठी सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, बोअरिंग आणि वेल्डिंग एका फेरीत होते, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकामापासून सीएनसीपर्यंत सगळे मिळते. या सोयीमुळेच पुढचे साधे टेलिस्कोपिक फोर्क काढून त्या जागी उलटे, म्हणजे जाड बाहेरची नळी वर आणि बारीक आतली नळी खाली असलेले यूएसडी (अपसाइड-डाउन) फोर्क बसवण्याचे काम आहे त्याहून सोपे वाटते, कारण एखादा भाग बसला नाही तर तो घासून, कापून किंवा बुश घालून बसवून देणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असतो. मात्र फोर्क हा सुटा भाग नाही. वरची व खालची टी (दोन्ही फोर्क पकडणारे आडवे भाग), स्टेम (त्यांच्या मधोमध असलेला, हँडलसोबत फिरणारा दांडा), बेअरिंग, चाक, ब्रेक आणि गाडीची सगळी भूमिती त्याच्याशी बांधलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंची मापे कागदावर आल्याशिवाय जुन्या फोर्कचा एकही बोल्ट सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी हे काम कशासाठी करायचे आहे, याचे उत्तर स्वतःला द्यावे. ब्रेक मारल्यावर फोर्कवर वाकवणारा सर्वाधिक ताण खालच्या टीच्या लगेच खाली येतो. उलट्या रचनेत नेमक्या त्या ठिकाणी जाड बाहेरची नळी असल्यामुळे फोर्क कमी लवतो आणि वळणात पुढचे चाक अधिक नेमके वाटते. हा फायदा खरा आहे. पण धक्का किती आणि कसा शोषला जाईल, हे आतल्या स्प्रिंगवर आणि डॅम्पिंगच्या, म्हणजे तिची उसळी तेलाने आवरण्याच्या, रचनेवर ठरते. नळ्या उलट्या केल्याने ते आपोआप सुधारत नाही. गाडी ब्रेक मारताना फार बुडते एवढीच तक्रार असेल, तर आहे त्याच फोर्कमध्ये आपल्या वजनाला साजेशी स्प्रिंग, नवे तेल, नवे बुश आणि सील घालणे हा कितीतरी स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे.

जाडी पाहून सेट विकत घेणे

फोर्कचा जो आकडा सांगितला जातो तो आतल्या क्रोम नळीचा व्यास असतो. केटीएम ३९० ड्यूक आणि २०१९ पासूनची डोमिनार ४०० या दोन्हींचे फोर्क ४३ मिमीचे आहेत, यामाहा आर१५ च्या चौथ्या आवृत्तीचे ३७ मिमीचे, तर २०२३ मध्ये पल्सर एनएस२०० ला मिळालेले ३३ मिमीचे. परंतु टी पकडते ती बाहेरची नळी. तिचा व्यास या आकड्यापेक्षा बराच मोठा असतो, आणि वरच्या टीपाशी एक व खालच्या टीपाशी दुसरा असू शकतो. त्यामुळे ‘दोन्ही ४३ चेच आहेत’ यावर विसंबून एका गाडीच्या टीमध्ये दुसऱ्या गाडीचे फोर्क बसतील असे मानू नये.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे एकाच गाडीचा पूर्ण संच घेणे: दोन्ही टी, स्टेम, दोन्ही फोर्क, एक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर आणि बारीकसारीक स्पेसरसुद्धा. आपल्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीला कंपनीने उलटे फोर्क दिले असतील तर काम सर्वांत सोपे होते, पण तिथेही बेअरिंगचे पार्ट नंबर दोन्ही आवृत्त्यांत जुळतात का हे पार्ट्स कॅटलॉगमध्ये पाहावे.

जुना संच बहुतेक वेळा अपघातग्रस्त गाडीचा असतो, हे धरूनच चालावे. आतली नळी बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवावी. उद्यमनगरातल्या कोणत्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये हे काही मिनिटांत होते आणि डोळ्यांना न दिसणारा बाक काटा लगेच दाखवतो. दोन्ही फोर्क टीमध्ये बसवल्यावर त्यांच्यावर जाड सपाट काचेचा तुकडा आडवा धरावा. काच चारही ठिकाणी टेकली पाहिजे. ती डुगडुगत असेल तर टी पिळली गेली आहे, आणि अशी टी सरळ करून वापरण्याऐवजी भंगारात द्यावी.

स्टेमवर केलेली तडजोड

सगळ्यांत घातक चुका इथे होतात. नव्या टीचे स्टेम आपल्या चासीच्या हेडमध्ये, म्हणजे ते ज्यात फिरते त्या पुढच्या नळीत, क्वचितच जसेच्या तसे बसते. खालच्या आणि वरच्या बेअरिंगच्या जागेचा व्यास, त्या दोन जागांमधले अंतर आणि वरचा आटा ही चार मापे दोन्ही स्टेमची घ्यावीत, आणि तीही व्हर्नियरने, फुटपट्टीने नव्हे. मग पहिला पर्याय बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये शोधावा. बाहेरचा व्यास आपल्या हेडचा आणि आतला व्यास नव्या स्टेमचा, असे टेपर रोलर बेअरिंग मिळाले, तर लेथवर काहीच करावे लागत नाही.

तसे बेअरिंग न मिळाल्यास जुने स्टेम काढून नव्या खालच्या टीत दाबून बसवता येते किंवा योग्य मिश्रपोलादाचे नवे स्टेम टर्न करून घेता येते. इथे टर्नरला सांगायची गोष्ट एकच: स्टेम टीच्या छिद्रापेक्षा शतांश मिलिमीटरच्या हिशेबात मोठे असले पाहिजे, म्हणजे टी गरम करून व स्टेम थंड करून ते हायड्रॉलिक प्रेसखाली जोर लावूनच आत जाईल. स्टेम हाताने आत सरकले तर ते काम नाकारावे. सैल बसलेल्या स्टेमला खालून वेल्डिंग मारून ‘पक्के’ करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये, कारण ॲल्युमिनियमच्या टीला उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली ताकद वेल्डच्या आसपास मोठ्या प्रमाणात निघून जाते, आणि ही टी तुटते तेव्हा स्वाराच्या हातात काहीच उरत नाही. टीचे छिद्र मोठे आणि फोर्क बारीक असताना मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळणे हाही तसाच प्रकार आहे. पकड काही रेषांवर येते, नळीवर खुणा पडतात आणि फोर्क हळूहळू वर सरकतो.

कोल्हापूर ओतकामासाठी प्रसिद्ध असल्यामुळे मूळ टीचा नमुना देऊन वाळूच्या साच्यात नक्कल ओतून घेण्याचा मोह होतो. शहरातल्या कारागिरांच्या कौशल्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही या भागापुरता तो टाळावा असे मी सांगेन. ओतीव ॲल्युमिनियममध्ये वायूची बारीक छिद्रे राहू शकतात, आणि एक्स-रे तपासणी किंवा उष्णता प्रक्रिया एका नगासाठी कोणी करत नाही. टी बनवायचीच असेल तर ६०६१-टी६ किंवा ७०७५ दर्जाच्या जाड प्लेटमधून सीएनसीवर, कोपऱ्यांना गोलाई ठेवून काढून घ्यावी.

उंची आणि ऑफसेटकडे दुर्लक्ष

फोर्क बसला, हँडल फिरले, म्हणजे काम झाले असे समजले जाते. भूमितीचा विचार गाडी थरथरायला लागल्यावर सुरू होतो. जुन्या फोर्कच्या एक्सलच्या मध्यापासून खालच्या टीपर्यंतचे अंतर, स्वार बसलेला असताना, आधीच मोजून ठेवावे आणि नवे फोर्क टीमध्ये वरखाली सरकवून तेच अंतर आणावे. सुमारे १,३५० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या) गाडीचे पुढचे टोक २० मिमी खाली आले तर स्टिअरिंगचा कोन जवळपास ०.८५ अंशाने उभा होतो आणि ट्रेल साधारण ५ मिमीने घटते. ट्रेल म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर. तेच गाडीला सरळ ठेवते.

ऑफसेट म्हणजे स्टेमच्या मध्यापासून दोन्ही फोर्कच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर. त्याबाबत अनेकांची समजूत उलटी असते: ऑफसेट वाढला की ट्रेल वाढत नाही, कमी होते. ५ मिमी जास्त ऑफसेटची टी लावली आणि वरून पुढचे टोक २० मिमी उतरवले, तर ट्रेल जवळपास १० मिमी घटते. अशी गाडी गल्लीत हलकी वाटते आणि राष्ट्रीय महामार्गावर वेग वाढला की हँडल हलवू लागते.

दाब आणि वळण न तपासणे

फोर्कच्या टोप्या उघडून स्प्रिंग काढून घ्याव्यात, चाक आणि मडगार्ड लावावे आणि फोर्क पूर्ण खाली दाबावेत. टायर खालच्या टीला, रेडिएटरला किंवा हॉर्नला टेकत असेल तर तो प्रकार रस्त्यावर खड्ड्यात होणारच, आणि तेव्हा चाक जागेवर अडकेल. त्याच अवस्थेत हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. जाड नळी टाकीवर आदळण्याआधी स्टॉपर टेकला पाहिजे, ब्रेकचा होज ताणू नये, केबल व वायरिंग चिमटू नये आणि स्टिअरिंग लॉक बसला पाहिजे.

चाक, डिस्क आणि एबीएस

चाक दोन फोर्कच्या नुसते मध्ये असून पुरत नाही; मागच्या चाकाच्या रेषेत असले पाहिजे. कॅलिपरच्या बरोबर मधून डिस्क जाण्यासाठी स्पेसर एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूचा हिशेब चुकतो आणि चाक सरकते. एबीएस असलेल्या गाडीत सेन्सरची रिंग मूळ रिंगइतक्याच दात्यांची नसेल किंवा टायरचा घेर बदलला असेल, तर युनिटला वेग चुकीचा कळतो. सेन्सर आणि रिंग यांमधली फट मॅन्युअलप्रमाणे ठेवावी. एबीएसचा फ्यूज काढून प्रश्न मिटवणे हा उपाय नाही.

आवळण्याचा क्रम आणि जोर

उलट्या फोर्कची बाहेरची नळी आतून सरकणाऱ्या बुशची वाटही असते. खालच्या टीचे बोल्ट हाताच्या अंदाजाने करकचून आवळले की नळी किंचित दबते आणि फोर्क तिथे अडकत चालतो. टॉर्क पाना वापरावा आणि आकडा ज्या गाडीचा फोर्क आहे तिच्या मॅन्युअलमधला घ्यावा. एका टीला दोन बोल्ट असतील तर आलटून पालटून दोन-तीनदा आवळावेत, कारण दुसरा आवळला की पहिला सैल पडतो.

एक्सलचा क्रम तर हमखास चुकतो. आधी एक्सल पूर्ण आवळावा, पण ज्या फोर्कमध्ये तो सरकता असतो त्या बाजूचा पकड-बोल्ट ढिला ठेवावा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोराने दाबावेत, म्हणजे तो फोर्क आपली नैसर्गिक जागा घेतो. त्यानंतर तो बोल्ट आवळावा.

तेल, सॅग आणि सील

ग्रेड एकच लिहिला असला तरी दोन कंपन्यांच्या तेलाचा घट्टपणा वेगळा असू शकतो, म्हणून जुन्या तेलावर नवे ओतू नये. काही फोर्कमध्ये एका पायात दाबाचे आणि दुसऱ्यात परतीचे डॅम्पिंग असते, तेव्हा उघडताना डावे-उजवे मिसळू देऊ नये.

सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजायला क्रोम नळीवर सीलला टेकवून एक केबल टाय बांधावा. चाक उचलून फोर्क पूर्ण ताणलेला असताना आणि मग स्वार नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या जागी बसल्यावर होणारा फरक रस्त्यावरच्या गाडीला साधारण ३० ते ४० मिमी असावा. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून फक्त गाडीची उंची बदलते. स्प्रिंग कडक होत नाही. ९० किलोच्या स्वाराला हलक्या गाडीची स्प्रिंग पुरत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

उलट्या फोर्कचा सील खाली असतो, त्यामुळे गळलेले तेल थेट कॅलिपर आणि डिस्ककडे जाते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पडलेला चिखल आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडची लाल माती क्रोमवर वाळू देऊ नये. तेल लागलेले ब्रेक पॅड पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नयेत, नवेच घ्यावेत.

लक्षणावरून कारण

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही फोर्क टीच्या वर सारखेच आले आहेत का ते मोजावे, मग चाकाची रेष पाहावी. ब्रेक मारताना ‘टक’ असा आवाज येत असेल तर पुढचे चाक उचलून फोर्कची टोके पुढे-मागे हलवावीत; खेळ जाणवल्यास हेडचे बेअरिंग सैल आहे. हँडल मध्येच अडत असेल किंवा कमी वेगात गाडी डावी-उजवी भटकत असेल तर तेच बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. फोर्क दाबला जातो पण सावकाश परततो, अशी तक्रार असेल तर तेलाला दोष देण्याआधी एक्सल आणि टीचे बोल्ट सोडून पुन्हा क्रमाने आवळावेत. लीव्हर स्पंजसारखा लागत असेल तर होज जोडताना हवा राहिली आहे. साइड स्टँडवर गाडी फार झुकली किंवा फारच उभी राहिली, तर पुढची उंची बदललेली आहे, आणि ते मोजमापाकडे परत जाण्याचे कारण आहे.

कायद्याची बाजूही लपवून ठेवण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, कारण अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच बदल पुढे येऊ शकतो.

पहिली चाचणी रिकाम्या सपाट रस्त्यावर, कमी वेगात, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत घ्यावी. आंबा किंवा करूळ घाटाची उतरण चाचण्यांत सर्वांत शेवटी येते. सुमारे ३०० किलोमीटर झाल्यावर हेडचे बेअरिंग, टीचे सर्व बोल्ट, एक्सल आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, आणि टीच्या वर आलेल्या फोर्कची उंची पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी. ती एक मिलिमीटरने जरी बदलली असली तरी पकड सरकते आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी.