आधी पिणाऱ्याचं ताट बघा: दारू आणि जेवणाच्या बाबतीत या चुका टाळा

मी आहारसल्ला देते. माझ्याकडे लोक शुगरसाठी येतात, वजनासाठी येतात, फॅटी लिव्हरचा सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन येतात, दारूसाठी असं कोणी येत नाही. पण दिवसभरात काय काय खाता हे विचारत गेलं आणि सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी चपाती, संध्याकाळी दोन तास फरसाण-शेंगदाणे आणि रात्री साडेअकराला जमलं तर जेवण, असं उत्तर आलं की मला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर शेजारी बसलेली बायको देते. घरच्यांना हे उशिरा कळतं कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं, तो रस्त्यात पडतो का, मारहाण करतो का, पगार घरी आणतो का. हे सगळं व्यवस्थित असलेल्या माणसाला पण व्यसन असू शकतं आणि ते जेवणात बरंच आधी दिसायला लागतं.

"एक क्वार्टर तर घेतो फक्त"

पहिली चूक मोजण्यातली. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ३० मिलीचे सहा छोटे पेग, आणि व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं ते धरलं तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रोजचं ६० ग्रॅम हे कुठल्याच हिशोबाने थोडं नाही. बियरचं पण तसंच, बियर म्हणजे काय दारू थोडीच असं म्हणणारे खूप आहेत, पण ६५० मिलीची स्ट्राँग बियर आठ टक्क्यांची असेल तर एका बाटलीत जवळजवळ चार छोटे पेग होतात. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरच्या वर गेलात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलंय की तब्येतीला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, त्यामुळे रेड वाईन हार्टला चांगली वगैरे जे फॉरवर्ड येतात ते बाजूला ठेवा.

किती पितो यापेक्षा चार प्रश्न जास्त कामाचे, डॉक्टर लोक हे कित्येक वर्षं वापरतात. पिणं कमी करायला पाहिजे असं कधी वाटलं का? लोक त्यावरून बोलले की चिडचिड होते का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? दोन ठिकाणी हो आलं तर डॉक्टरकडे जायची वेळ झालीय. आणि शेवटच्या एकाच प्रश्नाला हो आलं तरी मी म्हणेन थांबू नका, जा. हे प्रश्न बायकांना पण विचारा आणि रिटायर झालेल्या वडिलांना पण, त्यांच्याबद्दल कोणाला शंकाच येत नाही, आणि म्हातारपणी तर तेवढ्याच दारूचा त्रास जास्त होतो.

"श्रावणात थेंब पण घेत नाही"

हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं. श्रावण पाळतो, गणपतीत घेत नाही, नवरात्रात घेत नाही, मग मला व्यसन कसलं? महिनाभर थांबता येणं चांगलंच आहे, त्याबद्दल कौतुक करा, पण त्यावरून व्यसन नाही असं ठरवू नका. बघायचं असेल तर श्रावण संपायच्या आधीचे चार दिवस बघा, तो तारखा मोजतोय का, महिनाभर झोप आणि मूड कसा होता, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात किती घेतली. गटारीला तर पुढच्या महिन्याचं सगळं एका रात्रीत पिऊन घ्यायची पद्धतच पडलीय, आणि एकदम इतकी पिणं हे स्वतःच धोक्याचं असतं.

ह्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितोय आणि ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी शपथ घेऊन एकदम बंद केली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, उलट्या, धडधड, झोप न लागणं चालू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाका मारतंय असं वाटतं, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. अशा वेळी घरचे बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात, अंगारा लावतात, आणि त्यात हॉस्पिटलमध्ये न्यायचे तास निघून जातात. कृपा करून असं करू नका. फिट, भास, बडबड यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा की हा रोज इतकी इतकी पीत होता आणि अमुक वेळेपासून बंद आहे. लाजेपोटी ही माहिती लपवली तर डॉक्टर भलतंच शोधत बसतात. आणि अजून बंद केलेली नसेल पण करायची ठरवली असेल तर आधी डॉक्टरला भेटा, पाच-सात दिवस औषधं देऊन हा त्रास आटोक्यात ठेवता येतो, जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो तिथे हे काम होतं.

ताटात काय दिसतं

सकाळी ब्रश करताना कोरडे उमासे येणं, नाश्त्याचं नावच नको वाटणं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं. संध्याकाळ झाली की भूक नाही म्हणणं कारण पोटात आधी जागा ठेवायचीय. जेवण दिवसेंदिवस मागे सरकत जाणं आणि मग न जेवताच झोपणं. पोट सुटलेलं पण दंड आणि मांड्या काडीसारख्या झालेल्या, हे तर मी फार बघते, आणि घरचे म्हणतात तब्येत चांगली आहे, पोट आहे की. अहो ते पोट म्हणजे तब्येत नाही. शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात कॅलरी असतात, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास, तीनेक भाकऱ्यांच्या कॅलरी झाल्या, पण प्रोटीन शून्य आणि व्हिटॅमिन शून्य. शरीराला वाटतं पोट भरलं, स्नायू मात्र झिजत राहतात.

यात सगळ्यात महत्त्वाचं बी-१ म्हणजे थायमिन. दारू ते आतड्यातून नीट शोषू देत नाही, आणि जेवण कमी म्हणून मुळात पोटात पण जात नाही. ते फार कमी झालं की चालताना तोल जातो, डोळे विचित्र हलतात किंवा एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळतो, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हे क्वचित घडतं असं नाही, पण तोल जातोय म्हणजे प्यायलाय असं समजून सगळे सोडून देतात. न पिता पण तोल जात असेल तर ताबडतोब दाखवा.

इथेच सलाईनची चूक होते. चार दिवस न जेवता प्यायलेल्या माणसाला अशक्तपणा आला की घरचे जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतात. सलाईन ग्लुकोजचं असेल तर ती साखर वापरताना शरीरातलं उरलंसुरलं बी-१ पण संपतं, त्यामुळे दारूचं सांगितलं असेल तर डॉक्टर आधी किंवा सोबत बी-१ देतात. म्हणजे परत तेच, सांगा. तसंच बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भरभरून वाढू नका, शरीरातले क्षार एकदम खाली जाऊ शकतात. मऊ मुगाची खिचडी, ताक, उकडलेलं अंडं, वरणभात, थोडं थोडं करत पाच-सहा वेळा.

"नकळत दारू सोडवा"

भिंतींवर, एसटी स्टँडवर, मोबाईलवर ह्या जाहिराती असतात, जेवणात पावडर मिसळा आणि पेशंटला कळणार पण नाही. असं काही मिसळू नका. दारू सोडवायला डायसल्फिरॅम नावाची गोळी खरंच असते, पण ती डॉक्टर पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं देतात, कारण ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी एकदम उतरतं आणि माणूस दगावू पण शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा जाऊन पिणारच ना. आणि त्या पावडरीत नक्की काय आहे हे विकणारा पण सांगू शकत नाही.

लिव्हरचं पथ्य, उसाचा रस आणि गोळ्या

लिव्हर खराब म्हटलं की घरात प्रोटीन बंद होतं. डाळ जड, अंडं गरम, चिकन नकोच, मग दिवसभर उसाचा रस, पपई आणि मऊ भात. मला हे बघून फार वाईट वाटतं कारण अशा पेशंटला प्रोटीन उलट जास्त लागतं, सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसतं तेव्हा सुद्धा, वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम झालं. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात, ग्लासभर दुधात सहा-सात, म्हणजे ठरवून खाल्लं तरच पुरं पडतं. मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, तीळ-जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, मेथी, दही, झेपत असेल तर मासे. यातल्या बऱ्याच गोष्टींत बी-१ आणि फोलेट पण मिळतं आणि काही विकत आणायला लांब जावं लागत नाही. झोपायच्या आधी काहीतरी खायला द्या, दूध-पोळी, नाचणीची आंबील, खजूर, कारण खराब झालेल्या लिव्हरला रात्रभरासाठी साखर साठवता येत नाही. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी करा, लोणचं, पापड, फरसाण, सुकट बंद. कावीळ उतरवायला नाकात-डोळ्यांत रस घालणाऱ्यांकडे नेऊ नका. आणि लिव्हर टॉनिक घेत घेत पिणं चालू ठेवलं तर त्या टॉनिकने काही वाचत नाही.

डोकं दुखतंय म्हणून रोज पिणाऱ्याने मनाने पॅरासिटामॉल घेत राहू नये, लिव्हरवर दुहेरी ताण येतो, आणि बाकीच्या पेनकिलरने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी शी किंवा उलटीत रक्त, थेट हॉस्पिटल. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी पिणं फार घातक, लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडत नाही, आणि साखर उतरलेला माणूस पिऊन झोपलाय असं समजून सकाळपर्यंत कोणी उठवत नाही.

सोडल्यानंतर

पहिले काही महिने गोड खायची इच्छा होते, खाऊ द्या थोडं, ह्यावरून टोकू नका. उपाशी राहू देऊ नका हे मात्र नक्की, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जाणारे लोक सांगतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळायच्या. संध्याकाळी जी बाटलीची वेळ होती त्याच्या आधी अर्धा तास पोटभर नाश्ता करायचा, थालीपीठ, उपमा, उसळ-पाव काहीही, तलफ बरीच कमी होते. स्लिप झाली, म्हणजे मधेच पुन्हा घेतली, तर सगळं संपलं असं समजू नका, पुन्हा डॉक्टरला फोन करा.

रात्री प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, सकाळी शांतपणे बोला, आणि ऑफिसला ताप आलाय म्हणून खोटे फोन करणं थांबवा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, एए आहे, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत, आणि पिणारा तयार नसेल तरी घरच्यांनी फोन केला तर चालतो.

आणि बायांनो, तो येईपर्यंत जेवायची थांबू नका. अकरा वाजेपर्यंत वाट बघून मग भांडण होऊन न जेवता झोपणारी बाई मी रक्ताच्या रिपोर्टमध्ये ओळखते, हिमोग्लोबिन आठ, बी-१२ कमी. मुलांना आठ-साडेआठला वाढा आणि त्यांच्यासोबत तुम्ही पण ताट घेऊन बसा, त्याचं झाकून ठेवा.